समोरचा दात जिवंत होतो आहे

३ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोज लिहायचं. विषय एकच, दात. वरचा, समोरचा, डावा. त्याच्या वर हिरडीला पुटकुळी आली आहे. दुखत नाही, पण जीभ सारखी तिथेच जाते. बायको म्हणाली, दात काळा पडलाय. मी म्हणालो, आरसा जुना आहे. तिने आरसा पुसला. आरसा आता चांगला दिसतो, दात तसाच.

या दाताने मी आयुष्यभर दोरा तोडला. कात्री कापडासाठी, दात दोऱ्यासाठी. माझ्या हाताखाली शिकून गेलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगितलं. टाका घातला, मान वाकवली, कट्. पुन्हा मान वर येईपर्यंत गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राहायचं. असा दात काही झालं तरी दगा देणार नाही. डेंटिस्टकडे जाणार नाही. मिठाच्या गुळण्या पुरे.

संध्याकाळ
गुळण्या चालू. तोंडात पाणी असतानाच एक गिऱ्हाईक कोटाच्या ट्रायलला आलं. खांदा बरोबर बसलाय ना, असं त्याने विचारलं. मी डोळ्यांनी होकार दिला. त्याला डोळ्यांची भाषा कळली नाही. तो घाबरून आरशात स्वतःचा खांदा बघत बसला. शेवटी लेकीने जाऊन समजूत काढली. पोरगी तशी हुशार आहे. माझ्या हाताखाली नऊ-दहा वर्षं काढली तिने. अजून थोडी तयार झाली की बघू.

६ फेब्रुवारी
डेंटिस्टकडे गेलो. स्वतःच्या मर्जीने. लेक बरोबर होती, कारण तिला त्या भागात काम होतं. तिचं काम म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी उठून जात नाही ना हे बघणं, असं निघालं.

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाच्या. चिमट्यात बर्फासारखा गार केलेला कापसाचा बोळा धरला आणि म्हणाल्या, थंड लागलं की हात वर करा. शेजारच्या दाताला लावला. हात आपोआप वर गेला. मग माझ्या दाताला लावला. मी वाट बघितली. बाईंनीही बघितली. लेकीने पुढे वाकून बघितलं. काही नाही.

बाई म्हणाल्या, आतला गाभा मेलाय. दाताच्या टोकाला दोऱ्याने खाच पडली, खाचेतून बारीक तडा गेला, तड्यातून जंतू आत गेले आणि आतल्या नसा, रक्तवाहिन्या सगळं संपलं. एक्स-रेच्या फोटोत मुळाच्या टोकाशी काळा डाग दिसतो, तो इन्फेक्शनचा. मी विचारलं, कधी मेला? त्या म्हणाल्या, बरेच दिवस झाले असतील. म्हणजे मी इतके दिवस मेलेल्या दाताने दोरा तोडत होतो आणि एकदाही चुकलो नाही. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. मी आणून दिलं.

१० फेब्रुवारी
पुन्हा डेंटिस्ट. आज चर्चा.

साधं रूट कॅनाल म्हणजे आतली मेलेली घाण काढायची आणि पोकळीत रबरासारखं काहीतरी भरून बंद करायचं. दात राहतो, पण आत अस्तर म्हणून नुसता रबर. दुसरा प्रकार नवीन. आत साफ करायचं, औषध भरायचं, काही आठवड्यांनी पुन्हा उघडायचं आणि मुळाच्या टोकातून मुद्दाम थोडं रक्त आत येऊ द्यायचं. ते रक्त आत गोठतं. वरून बंद करायचं. मग शरीर त्या गोठलेल्या रक्ताच्या आधाराने आत नवीन काहीतरी जिवंत वाढवतं. कधीकधी. हे कधीकधी त्या फार हळू म्हणाल्या.

आणखी म्हणाल्या की ही ट्रीटमेंट बहुतेक लहान मुलांच्या दातांवर करतात. त्यांच्या मुळाचं तोंड उघडं असतं. मोठ्यांचं बारीक झालेलं असतं, त्यामुळे खात्री देता येत नाही. इन्फेक्शन जाणं हे मुख्य, जाणीव परत येईल असं धरून चालू नका. नाहीच जमलं तर साधं रूट कॅनाल आहेच.

मी लगेच होकार दिला. विचार केला, एवढ्या माणसांतून त्यांनी माझ्या दाताला लहान मुलांच्या रांगेत बसवलं, ते काय उगाच? काही दिसलं असणार.

११ फेब्रुवारी
शेजारच्या चष्मेवाल्याला सांगितलं की माझ्यावर लहान मुलांची ट्रीटमेंट चालू आहे. तो म्हणाला, ते बोलण्यावरून वाटतंच. चष्मेवाला जळतो.

१८ फेब्रुवारी
पहिली खेप झाली. आत बारीक सुया फिरवून धुतलं, औषध भरलं, वर तात्पुरतं बुजवलं. दुखलं नाही. मेलेलं कसं दुखेल. बाईंनी एकच ताकीद दिली, दोरा दाताने तोडायचा नाही. आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

संकल्प: दोरा दाताने तोडणार नाही.

लेकीने दोरा कापायची छोटी कात्री आणली आणि नाडीत ओवून माझ्या गळ्यात घातली. मी काढली. तिने पुन्हा घातली. गिऱ्हाइकासमोर भांडण नको म्हणून राहू दिली.

२१ फेब्रुवारी
आज उजव्या सुळ्याने दोरा तोडला. ताकीद समोरच्या दाताबद्दल होती. सुळ्याबद्दल बाई काही बोलल्या नव्हत्या.

२२ फेब्रुवारी
लेकीने बाईंना फोन करून विचारलं. सुळाही आला ताकिदीत. घरात फितुरी वाढली आहे.

१ मार्च
आज जरा जास्त लिहावं लागणार.

दुसऱ्या शहरात नाटकांचे कपडे शिवणारं मोठं वर्कशॉप उघडतंय. तिथे लेकीला कटिंगला बोलावलंय. कामं तिची त्यांनी कुठेतरी बघितली म्हणे. नोव्हेंबर संपायच्या आत हो की नाही कळवायचं. तिने जेवताना सांगितलं. बायको घास तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हणालो, इथे काय कमी आहे? लेक म्हणाली, इथे टेबल नाही.

टेबल म्हणजे कटिंग टेबल. दुकानात एकच आहे आणि ते माझं. शिवणारे चार असतील, पण कापडाला कात्री लावतो तोच मास्तर. बाकीचे मास्तरांनी कापलेलं जोडतात. लेक कापते, नाही असं नाही, पण अस्तरं, खिसे, कॉलरच्या पट्ट्या. कोटाचं कापड मी तिच्या हातात अजून दिलं नाही. जबाबदारीचं काम आहे. पोरीला ओझं नको म्हणून.

तिने विचारलं, बाबा, तुम्ही टेबलाजवळून हलणार कधी? मला राग आला. रागात मी म्हणालो, हा दात पुन्हा जिवंत झाला तर समज की बाप अजून कोवळा आहे. मग दहा वर्षं टेबल सोडत नाही. ती म्हणाली, आणि नाही झाला तर? मी म्हणालो, तर टेबल तुझं.

बायको साक्षीला होती. वर लेकीने मला चष्मेवाल्यासमोर पुन्हा तेच म्हणायला लावलं. चष्मेवाला हात चोळत म्हणाला, अटीत काही संदिग्ध राहायला नको, जिवंत म्हणजे काय? ठरलं की नोव्हेंबरच्या तपासणीत बाई थंड लावतील. हात वर गेला तर मी जिंकलो.

मी जिंकणारच आहे. तिला उगाच वाईट वाटेल, एवढंच.

१४ मार्च
रक्ताचा दिवस. पुन्हा सुन्न केलं, आतलं औषध धुऊन काढलं. मुळाचं टोक बारीक असल्यामुळे बाईंनी आत थोडी जागा करून घेतली. मग टोकाच्या पलीकडे हलकंच टोचलं. थोडा वेळ काहीच नाही. मी मनातल्या मनात जोर लावत होतो. बाई म्हणाल्या, मास्तर, पोट आवळू नका, त्याचा काही उपयोग नाही. मग रक्त आलं. बाई म्हणाल्या, आलं. मदतनीस म्हणाली, छान आलं.

छान आलं. हे मी लेकीला तीनदा सांगितलं. तिने विचारलं, रक्त आलं म्हणजे काय विशेष, सुई बोचली तरी येतं. ईर्षा.

वर सिमेंटसारखं काहीतरी बसवून, दात बंद करून, टोकाची खाचही भरून दिली. आता दात आत स्वतःचं काम करेल. मी फक्त वाट बघायची. वाट बघण्यात मी पटाईत आहे. बटणवाल्याची वाट बघण्यात उमर गेली.

२ एप्रिल
रोज सकाळी दाताला बर्फ लावून बघायचं ठरवलं आहे. शास्त्रीय पद्धत. फ्रिजमधून खडा घ्यायचा, लावायचा, डोळे मिटायचे.

आज लागलं.

थंड लागलं. स्पष्ट. मी ओरडलो. बायको धावत आली. मी म्हणालो, जिवंत. तिने आरसा आणला आणि म्हणाली, आता पुन्हा लावा. लावला. आरशात बघितलं तर खडा ओठाला टेकला होता.

३ एप्रिल
ओठ बोटाने वर धरून लावला. लागलं. आरशात बघितलं. शेजारचा दात. खडा घसरतो. खड्याचा दोष.

९ एप्रिल
बायकोने फ्रिजमधले बर्फाचे साचे कपाटात वर ठेवले आहेत. म्हणते, पाहुणे आले की गार पाण्यालाही बर्फ उरत नाही.

२० मे
आज जे झालं ते दातामुळे झालं.

बँकेच्या मोठ्या साहेबांच्या कोटाचं कापड टेबलावर होतं. लव असलेलं, भारी कापड. त्याला सरळ आणि उलट बाजू असते, उगाच उलटवता येत नाही. मी बाह्या मांडत होतो आणि त्याच वेळी जिभेने दात चाचपत होतो. मला आत काहीतरी शिरशिरी आल्यासारखं वाटलं. अगदी बारीक. नवीन काहीतरी वाढताना येईल तशी. मी त्या शिरशिरीकडे कान लावून बाह्या कापल्या.

दोन्ही डाव्या.

कोटाला दोन डाव्या बाह्या. शिकाऊ पोर हे करतं, तेही पहिल्या महिन्यात. लेकीने बाह्या उचलल्या, एकावर एक ठेवल्या, पुन्हा ठेवल्या. मग उरलेल्या तुकड्यांतून फिरवून फिरवून उजवी बाही मांडली, आतल्या बाजूला काखेखाली जोड दिला. तिथे साहेबांची आईसुद्धा बघणार नाही. संध्याकाळी कोट उभा राहिला.

मी कापड मांडतानाच थोडं जास्त शिल्लक ठेवलं होतं, म्हणून तिला जमलं. हे तिला सांगितलं. म्हणाली, हो बाबा.

२१ मे
त्या शिरशिरीचा विचार केला. काल दुपारी जेवलो नव्हतो. भूकही असू शकते. पण दातात भूक लागत नाही, म्हणजे काहीतरी जिवंत असणारच.

१५ जून
तीन महिन्यांची तपासणी. पुटकुळी गेली. फोटोत काळा डाग लहान झालाय. बाई खूश. म्हणाल्या, हाड भरून येतंय. थंड लावलं, लागलं नाही. म्हणाल्या, घाई नाही, आणि लागलंच पाहिजे असंही नाही.

मी दोन्ही फोटो लेकीला दाखवायला मागून घेतले. चष्मेवाल्यालाही दाखवले. त्याने चष्मा काढून बघितले, मग चष्मा लावून बघितले. म्हणाला, मला तर दोन्हीत दात दिसतो. चष्मेवाल्याकडून चष्मा घेणारे धन्य.

२ जुलै
गळ्यातली कात्री आता सवयीची झाली. आज दिवसभरात दाताने एकदाही दोरा तोडला नाही. दोनदा मान वाकवली. ती सवयीने, मोजायची नाही.

११ जुलै
बायको आज इस्त्री करता करता म्हणाली, अहो, एक विचारू? मी म्हणालो, विचार. ती म्हणाली, "तुमचा दात जिवंत झाला तर पोरगी जाईल. हे तुमच्या लक्षात आलंय ना?"

मी म्हणालो, कुठे जाईल, इथेच राहील, शिकेल अजून. बायकोने इस्त्री उभी केली. म्हणाली, तिला शिकायचं काही उरलं नाही, तुम्हाला सोडायचं उरलंय. आणि पुन्हा इस्त्री करू लागली.

बायकांना प्रत्येक गोष्ट सरळ करायची सवय असते. इस्त्रीचा परिणाम.

१२ जुलै
झोप नीट लागली नाही. दाताचा काही संबंध नाही.

४ ऑगस्ट
चष्मेवाला म्हणतो, मेलेल्या जागी रक्ताभिसरण वाढवायला हवं, डोकं खाली, पाय वर. आज दुपारी गिऱ्हाईक नसताना टेबलावर आडवा पडलो आणि मान टेबलाच्या कडेवरून खाली सोडली. नेमकी एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आली. किंचाळली. लेक म्हणाली, घाबरू नका, बाबांचा दात वाढतोय. बाई म्हणाल्या, मी नंतर येते. अजून आल्या नाहीत.

१७ सप्टेंबर
लेक ते वर्कशॉप बघायला गेली होती. सकाळी गेली, रात्रीच्या जेवणाला आली. चेहरा नुसता फुललेला. म्हणे टेबल इतकं लांब की राजाचा झगा न दुमडता पसरता येतो. वरून उजेड येतो. खडू रंगीत. कात्र्या भिंतीवर ओळीने. ती बोलत होती आणि बायको विचारत होती. मी काही विचारलं नाही. मला कात्र्यांत रस नाही.

मग ती झोपायला गेली आणि मी दुकानात जाऊन उगाच टेबल पुसलं. ती गेली तर दुकानात दिवसभर बोलायचं कोणाशी? मशीनशी? दुसरे शिवणारे चांगले आहेत, पण मी काही म्हणालो की ते हो म्हणतात. लेक नाही म्हणते. नाही म्हणणारं माणूस दुकानात लागतं.

१८ सप्टेंबर
कालचं लिहिलेलं वाचलं. भावनेच्या भरात लिहिलं. पैज ती पैज. दात जिवंत होणारच आणि लेकही राहणार. दोन्ही होईल. कसं, ते नंतर बघू.

५ ऑक्टोबर
बर्फाचे साचे सापडले. डब्यांच्या मागे. खडा लावला, आरसा समोर, ओठ वर, घसरणार नाही असा धरला. थांबलो. पुन्हा थांबलो.

काही लागलं नाही.

आणि मला हायसं वाटलं. हे कसलं भलतंच. मग हायसं वाटल्याचा राग आला. खडा तोंडात टाकून चघळून टाकला. बाकीच्या सगळ्या दातांना लागलं.

२८ ऑक्टोबर
विचार केला की प्रश्न जाणिवेचा नसून वेगाचा आहे. दात नवीन आहे, निरोप हळू पोचत असेल, मी हात वर करायला उशीर करत असेन. म्हणून आरशासमोर हात वर करायचा सराव सुरू केला. हात सरळ, पटकन, शंकेला जागा न ठेवणारा. आज बायकोने दारातून बघितलं आणि विचारलं, गाडी थांबवताय का?

९ नोव्हेंबर
सराव उत्तम चालला आहे. आणखी एक सुचलं. प्रत्येक वेळी हात वर केला तर बाईंना संशय येईल. मधे एकदा हात खाली ठेवायचा. माणूस खरं बोलतोय असं वाटतं.

ही फसवणूक नव्हे. दात आतून जिवंत असणार, फक्त बोलायला लाजत असेल. मी त्याच्या वतीने बोलणार.

२१ नोव्हेंबर, सकाळ
आज. नवा शर्ट. लेक, बायको दोघी बरोबर. चष्मेवाला दुकान बंद करून आला. त्याला काय काम होतं देव जाणे.

२१ नोव्हेंबर, दुपार
जसं झालं तसं लिहितो.

आधी फोटो. काळा डाग नाहीसा झालाय. बाईंनी पहिला फोटो आणि आजचा फोटो शेजारी लावून दाखवला. हाड पूर्ण भरलंय, हिरडी स्वच्छ, तडा बंद. बाई इतक्या खूश की मदतनिसाला बोलावून दाखवलं. मी लेकीकडे बघितलं. ती फोटोकडे बघत होती. तिचा चेहरा पडला होता. तो मला बघवेना.

मग थंड. बाई म्हणाल्या, तीनदा लावते, लागलं की हात वर. डोळे मिटा.

पहिल्यांदा लावलं. हात वर. सरळ, पटकन, अगदी सरावासारखा.
दुसऱ्यांदा लावलं. हात खाली. ठरल्याप्रमाणे.
तिसऱ्यांदा लावलं. हात वर.

डोळे उघडले. बायको छताकडे बघत होती. चष्मेवाल्याचे खांदे हलत होते. बाई अगदी सौम्यपणे म्हणाल्या, "मास्तर, पहिला आणि तिसरा बोळा कोरडा होता. गार फक्त मधला होता."

लोक भीतीने नाहीतर आशेने हात वर करतात, म्हणून आम्ही असं करतो, असंही म्हणाल्या. चष्मेवाला बाहेर जाऊन हसला. बाहेरूनही ऐकू आलं.

मी विचारलं, म्हणजे दात मेलेला की जिवंत, एक काय ते सांगा. बाई म्हणाल्या, निरोगी आहे. आत काहीतरी वाढलं असेल, नसेलही, वरून सांगता येत नाही. थंडी त्याला कळत नाही, पण तुमच्या वयात इतकं भरून आलं ही मोठी गोष्ट आहे. दोरा तोडला नाहीत तर पुष्कळ वर्षं टिकेल.

तुमच्या वयात. नऊ महिने या बाई माझ्या बाजूच्या आहेत असं मी समजत होतो.

२१ नोव्हेंबर, संध्याकाळ
दुकानात आलो. लेक टेबलाविषयी एक शब्द बोलली नाही. अस्तर कापत बसली, तिच्या त्या कोपऱ्यातल्या फळीवर. मी खडू उचलला, ठेवला. पट्टी उचलली, ठेवली. शेवटी म्हणालो, "ये, टेबल तुझं."

ती उठली नाही. म्हणाली, "दात हरला म्हणून देताय की तुम्हाला द्यायचंय म्हणून? दात हरला म्हणून असेल तर मला तिकडचं टेबल चालेल."

मला या पोरीचा असा राग येतो. मी म्हणालो, "दाताला काही कळत नाही. मी म्हणतोय. जाऊ नकोस."

मग तिला रडू आलं आणि मला खोकला आला. ती टेबलाशी येऊन उभी राहिली, दोन्ही हात टेबलावर पसरून. तिने माझ्यासमोर वर्कशॉपला फोन केला आणि नाही म्हणाली. नीट, नम्रपणे. माझ्याकडून शिकली. नम्रपणा आईकडून.

२३ नोव्हेंबर
टेबल मी स्वतःहून दिलं. चष्मेवाला मी पैज हरल्याचं सांगत फिरतो आहे, ते चूक. त्याला समजावून सांगितलं. हो म्हणाला आणि हसला. मोठ्या मनाच्या माणसाला लोक हसतात.

मला बटणं आणि काजांच्या स्टुलावर बसवलं आहे. हे तात्पुरतं. मधूनमधून सूचना देणार. आज पाच-सहा दिल्या. लेक म्हणाली, दिवसाला एक.

२४ नोव्हेंबर
आजची एक सूचना सकाळीच संपली.

२७ नोव्हेंबर
लेकीने ठरवलं आहे की तिच्या टेबलावर पहिला कोट बापाचा कापायचा. आयुष्यभर लोकांचे कोट शिवले आणि स्वतःला एक नाही, म्हणाली. कापड तिने आणि आईने मिळून आणलं, गडद निळं, हात फिरवला की पाण्यासारखं. मी म्हणालो, रंग बरा आहे.

माप घ्यायला तिने टेप काढली. मी म्हणालो, कशाला, माझं माप मला तोंडपाठ आहे, मी मास्तर आहे, लिहून घे. आणि धडाधड सांगितलं. छाती, खांदा, बाही, कंबर, उंची. लग्नातल्या कोटाचं माप, तेव्हापासून तेच आहे. चष्मेवाला कामाशिवाय दारात उभा होता. बायको लिहून घ्यायला वही घेऊन बसली होती, पण पेन्सिल हलली नाही.

लेक म्हणाली, या टेबलावर गिऱ्हाइकाने सांगितलेलं माप चालत नाही. हा नियम माझाच आहे, त्यामुळे वाद घालता आला नाही. मी ताठ उभा राहिलो. छाती घेतली, खांदे घेतले, बाही घेतली. कमरेला टेप आली. मी सहज उभा होतो, नेहमी उभा असतो तसाच. टेप माझ्या आकड्यावर बरोबर आली. मी बायकोकडे बघितलं, की बघ.

लेकीने टेप तशीच धरून ठेवली. वाट बघत राहिली. तिला कुठलीच घाई नव्हती. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, आता श्वास सोडा."

सोडला.

आकडा तिने मोठ्याने सांगितला. इथे लिहीत नाही.